मुरगळलेला पाय आणि प्लास्टिकचा मुकुट

अमेरिकन शाळेवरची कुठलीही टीनएजर सिटकॉम घ्या, दहा-बारा एपिसोड झाले की एक असा येतोच ज्यात जिमच्या हॉलला क्रेप पेपरच्या झिरमिळ्या लागलेल्या असतात, कोपऱ्यातल्या टेबलावर लाल सरबताचं मोठं काचेचं भांडं असतं (त्यात कोणीतरी काहीतरी मिसळणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं), दोन शिक्षक भिंतीला टेकून राखणीला उभे असतात आणि हिरो एकाच संध्याकाळी दोन मुलींना हो म्हणून बसलेला असतो. मी हे एपिसोड आवडीने बघते. चाळिशी उलटली तरी बघते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते नावं ठेवायला म्हणून नाही, किंवा ठेवतेय, पण घरातल्या माणसाला ठेवतात तशी.

माझं म्हणणं साधं आहे. या एपिसोडांत खरं हसू येतं ते फजितीमुळे, आणि लिहिणारे मात्र बहुतेक वेळा भिस्त ठेवतात वैरावर, म्हणजे दोन मुली आणि एक मुकुट (डान्सच्या रात्री मुलांची मतं घेऊन राजा-राणी निवडतात, त्या राणीचा), नाहीतर दोन मुलगे आणि एक मुलगी. हे वैर शिळं झालंय हा एक भाग झाला. मला जास्त खटकतं ते हे की त्या शाळांमधल्या डान्सवरून जी खरी भांडणं झाली, कोर्टात गेली, गावंच्या गावं दुभंगून राहिली, ती या पोरखेळाच्या वैरामागे पार झाकली जातात.

आधी हे एपिसोड एवढे का असतात ते सांगते, कारण त्यात लेखकांचा आळस कमी आणि कॅलेंडर जास्त आहे. अमेरिकन टीव्हीचा सीझन वर्षानुवर्षं सप्टेंबरात सुरू होऊन मेमध्ये संपायचा आणि शाळेचं वर्षही जवळजवळ तेच. सुरुवातीला होमकमिंग, म्हणजे फुटबॉलची मॅच आणि त्याला जोडून डान्स, मग थंडीत विंटर फॉर्मल, मधेच कधीतरी सेडी हॉकिन्स डान्स ज्यात मुलींनी मुलांना विचारायचं असतं (ही प्रथा चक्क एका कॉमिक स्ट्रिपमधून आलीय, १९३७ साली अल कॅपने काढलेल्या पट्टीतून), आणि उन्हाळा लागायच्या तोंडावर प्रॉम, म्हणजे शाळा संपवणाऱ्या मुलांचा नटूनथटून जायचा मोठा डान्स. आता त्याच्या शेजारी टीआरपीचं कॅलेंडर ठेवा. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचे आकडे वर्षातून ठरावीक महिन्यांत खास मोजले जायचे, त्याला स्वीप्स म्हणतात, आणि फेब्रुवारी, मे, नोव्हेंबर हे त्यातले वजनदार महिने, कारण त्या आकड्यांवर लोकल चॅनेलांच्या जाहिरातींचे दर ठरायचे. मेमध्ये स्वीप्स आणि मेमध्येच प्रॉम, म्हणजे लेखकांच्या खोलीत बसलेल्या माणसाला वेगळं काही सुचायची गरजच काय.

शिवाय स्वस्त. एक हॉल उभा केला की सगळी पात्रं एका छताखाली, सगळ्यांना नटायचं कारण, रात्री अमुक वाजता संपणार म्हणून घड्याळ आपोआप चालू, आणि ज्याला ज्याला टाळायचंय तो समोरच नाचतोय. आपल्याकडच्या फार्समध्ये तीन दारं असतात आणि एकातून बायको आत येते तेव्हा दुसऱ्यातून मैत्रीण बाहेर पडते, तेच तंत्र, फक्त दारांच्या जागी सरबताचं टेबल, मुलींची बाथरूम आणि पार्किंग. एक गंमत सांगते, ही कळल्यापासून मला कुठलाच डान्स एपिसोड पहिल्यासारखा बघता येत नाही. पात्रं बोलत असतात तेव्हा मागे नाचणाऱ्या पोरांना बहुतेक वेळा गाणं ऐकूच येत नसतं. संवाद स्वच्छ रेकॉर्ड व्हायला हवेत म्हणून ठेका थोडा वेळ ऐकवतात आणि मग बंद करतात, पोरं शांततेत उड्या मारत राहतात, गाणं नंतर चढवलं जातं. एकदा मागच्या रांगेत नीट बघा, कोणी एक ठेक्यात असतो, दुसरा भलत्याच.

आता फजिती आणि वैर. 'सेव्ह्ड बाय द बेल'पासून सुरू करते कारण टीनएजर सिटकॉमचा जो साचा पुढे डिझ्नीवाल्यांनी आणि बाकीच्यांनी वापरला तो मोठ्या प्रमाणात तिथे पक्का झाला. १९८९ ची गोष्ट. झॅक आणि स्लेटर या शाळेतल्या दोन पोरांना केली या एकाच मुलीबरोबर नाचायचंय, त्यांच्या नेहमीच्या अड्ड्यावर, द मॅक्समध्ये, डान्सची स्पर्धा आहे, आणि रेडिओवरचा खराखुरा प्रसिद्ध निवेदक केसी केसम ती घ्यायला आलाय. म्हणजे अख्ख्या एपिसोडची मांडणीच दोन कोंबड्यांच्या झुंजीची. पण तुम्ही तो एपिसोड बघितला असेल तर लक्षात काय राहतं? त्यांच्यातल्याच लिसाचा पाय मुरगळतो. एवढी नाचणारी मुलगी, आणि पाय मुरगळून बसली. आणि तिच्या मागे वर्षानुवर्षं लाळ घोटणारा तो स्क्रीच तिचा पार्टनर होतो, आणि ते दोघं लंगडत लंगडतच नाचतात, त्या लंगडण्यालाच डान्सची नवी स्टेप करून टाकतात, आणि स्पर्धा जिंकतात तेच. झॅक-स्लेटर राहिले बाजूला.

मला हे फार बोलकं वाटतं. लेखकांनी वैराचा एपिसोड लिहायला घेतला आणि शेवट करायची वेळ आली तेव्हा त्यांनाही कळलं की केली कोणाला मिळाली याच्यात गंमत नाही, मुरगळलेल्या पायात आहे. जिंकणारा देखणा मुलगा बघून कोण हसतं हो. सुजलेला घोटा घेऊन ऐटीत गिरकी घेणारी मुलगी बघून हसू येतं, आणि हसताना तिच्याबद्दल मनात काही वाईट येत नाही, उलट वाटतं घे अजून एक.

याच सिटकॉमने १९९० मध्ये प्रॉमचा एपिसोड केला आणि त्यात वेगळंच केलं. केलीच्या वडिलांची नोकरी जाते, घरात भावंडांचा गोतावळा, तिने प्रॉमसाठी साठवलेले पैसे घरात जातात, आणि ती झॅकला सांगते की मला यायला जमणार नाही. मग तो तिच्यासाठी हॉलच्या बाहेरच जेवणाची छोटीशी तयारी करतो, आतलं गाणं बाहेर ऐकू येतंय आणि हे दोघं बाहेर नाचतायत. गोग्गोड आहे, कबूल, झॅकसारखा अट्टल थापाड्या एकदम संत होतो तेही जरा जास्तच आहे. पण त्या एका एपिसोडात आडवा येणारा कोणी मुलगा किंवा मुलगी नाही, आडवे येतात पैसे, आणि तरी गोष्ट चालते. ज्यांना वाटतं की शत्रू नसेल तर बावीस मिनिटं भरणार कशी, त्यांनी हा एपिसोड बघावा.

'सिम्पसन्स' ही काही टीनएजर सिटकॉम नाही, पण १९९१ मध्ये त्यांनी होमर-मार्ज या नवरा-बायकोच्या प्रॉमची जुनी गोष्ट सांगितली ती सोडून पुढे जाववत नाही. साल १९७४. होमर मार्जला थाप मारतो की मला फ्रेंच शिकव, ती रात्र जागून शिकवते, मग कळतं की हा फ्रेंचच्या वर्गातच नाही, आणि ती चिडून आर्टी झिफ नावाच्या हुशार, बोलघेवड्या मुलाबरोबर जाते. होमरला हे लक्षातच आलेलं नाही, तो भाड्याचा सूट घालून तिच्या दारात उभा. पुढे तो एकटाच प्रॉमला जातो. आर्टी राजा होतो, मार्ज राणी होते. म्हणजे मुकुटाच्या हिशोबाने होमर साफ हरला, आणि लेखकांनी तो मुकुट कधी त्याला मिळवूनही दिला नाही. गाडीत आर्टीने अंगचटीला यायचा प्रयत्न केल्यावर मार्ज घरी निघते, आणि वाटेत तिला होमर पायी चालताना दिसतो, कारण त्याच्या लिमोचा पैसे भरलेला वेळ संपलाय. प्रेमकथेतला नायक, आणि त्याचं लिमोचं भाडं संपलंय! वैरी आहे इथेही, पण त्याला हरवायला कोणी जात नाही, तो स्वतःच्या वागण्याने जातो, आणि हसू सगळं होमरच्या फजितीवर उभं आहे.

पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातला सगळ्यात चांगला सीन 'फ्रीक्स अँड गीक्स'च्या अगदी पहिल्या एपिसोडात आहे, १९९९ सालच्या. (हीही सरळ सिटकॉम नाही, तासाभराची आहे, मागे हसण्याचा आवाज नाही, आणि एनबीसी चॅनेलने १८ पैकी १२ च एपिसोड दाखवून गुंडाळली. ते दुःख वेगळं.) गोष्ट घडते १९८० च्या मिशिगनमध्ये. सॅम वीअर हा चणीने बारका, नववीतला मुलगा, त्याला सिंडी नावाची चीअरलीडर आवडते, आणि हो नाही करत तो एकदाचा तिला होमकमिंगचं विचारतो. ती आधीच दुसऱ्याबरोबर जायचं ठरवून बसलेली असते, पण मुलगी चांगली आहे, म्हणते एक डान्स तुझ्याबरोबर करीन. बस, एक डान्स. आता सॅमचा हिशोब असा की डान्स संथ गाण्यावर हवा, कारण संथ गाण्यावर नाचता यावं लागत नाही, नुसतं धरून डोलायचं असतं. स्टिक्स बँडचं एक गाणं लागतं, संथ, पियानोवरचं. हाच तो क्षण. तो घाम पुसत जातो, तिला विचारतो, ती हो म्हणते, दोघं गर्दीतून वाट काढत मधोमध पोचतात, आणि नेमकं तेव्हा गाणं फिरतं, गिटार सुटते, ठेका दुप्पट. ज्यांनी ते गाणं आधी ऐकलंय त्यांना पहिल्या सुरापासून माहीत असतं की हे पुढे असं होणारंय आणि ते खुर्चीतच चुळबुळायला लागतात. सॅमच्या तोंडावर जे उमटतं ते बघण्यासारखं आहे, एखाद्याने परीक्षेला बसावं आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा निघावा तसं. पळायची सोय नाही. ती नाचायला लागते. मग तोही लागतो, वेडावाकडा, आणि थोड्या वेळाने त्याला मजा यायला लागते.

या सीनमध्ये खलनायक कोण? गाणं! सिंडीचा दुसरा डेट आहे, पण त्याला कॅमेरा विचारतही नाही. आणि तिकडे सॅमची बहीण लिंडसे, जिने एलाय नावाच्या मतिमंद मुलाची बाजू घेता घेता स्वतःच्याच तोंडून त्याला लागेल असा शब्द काढला होता, तो बिचारा पळत सुटला आणि पडून हात मोडून घेतला, ती त्या प्लास्टरवाल्या एलायला नाचायला बोलावते. दोन्हीकडे मोडलेलं, बिनसलेलं काहीतरी घेऊनच नाचायचंय. लिसाचा घोटा आठवला की नाही?

आता वैराची बाजू बघू. डान्स एपिसोडचं वैर मुलांच्यात असतं तेव्हा त्याला निदान दोन-चार रूपं मिळतात, पैज, थापा, भाड्याच्या सुटाची अदलाबदल, शेवटी हस्तांदोलन. मुलींच्या वाट्याला येतं ते एकच, मुकुट. प्रॉम क्वीन कोण. एक सोनेरी केसांची, पैसेवाली, मागे दोन होयबा मैत्रिणी. समोर आपली नायिका, जिला आधी हे सगळं बावळटपणाचं वाटतं आणि मग एका जाहिरातीच्या ब्रेकनंतर अचानक वाटेनासं होतं. मग कोणाच्या ड्रेसवर सरबत, कोणाच्या मतपेटीत गडबड. स्टीफन किंगच्या 'कॅरी' कादंबरीत प्रॉम क्वीन झालेल्या मुलीवर ओततात ती डुकराच्या रक्ताची बादली सिटकॉमवाल्यांनी इतक्या वेळा धुऊन, रंग बदलून, टोमॅटोच्या रसाने भरून वापरलीय की मूळ भीती काय होती ते कोणाला आठवत नसेल. आणि मुलींचं हे वैर कधी कशावरून आलं याचा पत्ता नसतो. दोघींना एकच गोष्ट हवी म्हणून वैर, आणि ती गोष्ट हवी का तर वैर आहे म्हणून.

'ग्ली'ने २०११ मध्ये हाच मुकुट घेतला आणि त्याचं खरं स्वरूप दाखवलं, अर्थात जाता जाता. (ग्लीसुद्धा तासाभराची, गाण्यांची, पण बक्षिसं कॉमेडीच्या खात्यात घेऊन गेली म्हणून मी इथे धरतेय. आणि योगायोग बघा, ग्लीच्या शाळेचं नाव विल्यम मॅकिन्ले हायस्कूल आणि फ्रीक्स अँड गीक्सच्या शाळेचंही तेच.) एपिसोडभर क्विन नावाची मुलगी मुकुटासाठी जीव टाकतेय, हरल्यावर बाथरूममध्ये रेचल या दुसरीच्या थोबाडीत मारते, तिकडे दोन मुलगे एका मुलीवरून मारामारी करून हाकलले जातात, म्हणजे नेहमीचा सगळा बाजार. आणि मग प्रिन्सिपल पाकीट उघडतात आणि राणी म्हणून नाव निघतं कर्टचं, शाळेतल्या उघडपणे गे असलेल्या मुलाचं. मतपत्रिका गुप्त होत्या. पोरांनी गंमत म्हणून लिहिलं होतं त्याचं नाव. हॉल गप्प. तो पळून बाहेर जातो, मग परत येतो, मुकुट घालून घेतो आणि केट मिडलटनवरून एक टोमणा मारतो. राजघराण्यातलं लग्न होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

तो सीन पहिल्यांदा बघताना मला अमेरिका आठवली नाही, आमच्या कॉलेजचे फिशपॉन्ड आठवले. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर बॉक्स ठेवायचे, त्यात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या आणि मग स्टेजवरून दोघं जण सगळ्यांसमोर वाचायचे. नव्वद टक्के टुकार कोट्या असायच्या. पण आमच्या वर्गातल्या एका मुलीवर तिच्या रंगावरून एक चिठ्ठी आली, चारोळीच होती, यमक चांगलं जुळलेलं, आणि अख्खं सभागृह हसलं. मीही हसले. ती दुसऱ्या रांगेत बसली होती आणि तीही हसत होती, ते हसू मला अजून दिसतं. गुप्त मतदान आणि मुकुट, बॉक्स आणि चिठ्ठी, यंत्र एकच आहे. एकट्याने तोंडावर बोलायची हिंमत नसते ते घोळक्याने निनावी बोलून घ्यायचं आणि वर म्हणायचं अगं गंमत होती. म्हणून मला सिटकॉममधल्या मुकुटाच्या स्पर्धेचा राग येतो. तिथे हा घोळका कधी दिसतच नाही. एक वाईट मुलगी असते, ती शेवटी सरबतात भिजते, हिशोब मिटला. मतं टाकणारे चारशे जण टाळ्या वाजवत उभे.

आणि घोळक्यावरून आठवलं ते मिसिसिपीचं. चार्ल्सटन नावाच्या छोट्या गावात गोरी-काळी मुलं १९७० पासून एका शाळेत, एका बाकावर शिकत होती, एका टीममध्ये खेळत होती, आणि प्रॉम मात्र वेगवेगळे, गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, शाळेशी संबंध नको म्हणून पालकांनी खाजगीत भरवलेले. नट मॉर्गन फ्रीमन त्याच भागातला. त्याने १९९७ मध्ये सांगितलं, एकत्र प्रॉम करा, खर्च माझा. गावाने मनावर घेतलं नाही. ११ वर्षांनी, २००८ मध्ये त्याने पुन्हा विचारलं तेव्हा तिथला पहिला एकत्र प्रॉम झाला, आणि त्या वर्षीसुद्धा काही पालकांनी फक्त गोऱ्यांचा वेगळा प्रॉम भरवलाच. त्याच मिसिसिपीत २०१० मध्ये इटावांबा काउंटीतल्या एका शाळेत एका मुलीने सांगितलं की मी माझ्या मैत्रिणीला डेट म्हणून आणणार आणि टक्सीडो घालणार. शाळेच्या बोर्डाने काय करावं? प्रॉमच रद्द केला. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने म्हटलं मुलीचा हक्क डावलला गेलाय, आणि तरी पुढे काय झालं तर तिला एका ठिकाणी प्रॉम आहे म्हणून पाठवलं, तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं, आणि बाकीचा सगळा वर्ग दुसरीकडे पालकांनी भरवलेल्या प्रॉममध्ये नाचत होता.

हे वाचल्यावर झॅक आणि स्लेटरची झुंज कशी वाटते बघा. त्या हॉलच्या दारात खरा प्रश्न कायम हाच राहिलाय की आत कोणी यायचं, कोणाचा हात धरून यायचं, आणि हे ठरवणार कोण. केली कोणाची हा त्यातला सगळ्यात किरकोळ प्रश्न, आणि तीसेक वर्षं सिटकॉमवाल्यांनी बहुतेक वेळा तोच प्रश्न सोडवला.

माझा एक मित्र आहे, मालिका लिहितो, त्याच्याशी यावरून माझं भांडण झालं. तो म्हणाला, तू बावीस मिनिटांच्या हलक्याफुलक्या गोष्टीकडून नागरी हक्कांचा इतिहास मागतेयस, शाळा सुटल्यावर नाश्ता करत बघायचे कार्यक्रम आहेत ते, आणि दुसरं म्हणजे संघर्ष हवाच, त्याशिवाय सीन लिहिताच येत नाही, तू लिहून दाखव. पहिला मुद्दा मी निम्मा मान्य करते. प्रत्येक एपिसोडने मिसिसिपीला जावं असं मी म्हणत नाहीये, तसल्या एपिसोडांत शेवटी कोणीतरी गंभीर चेहऱ्याने भाषण करतं ते तर मला मुळीच नको. पण दुसरा मुद्दा? संघर्ष कोणाशी हे लेखक निवडतो ना. घड्याळाशी असू शकतो, पैशाशी, गाण्याशी, स्वतःच्या पायांशी. लिसा, केली, होमर, सॅम, चारही उदाहरणं वर दिलीयत, चारही चालली.

पाचवं देते. 'डेरी गर्ल्स', २०१९ चा प्रॉमचा एपिसोड. उत्तर आयर्लंड, नव्वदचं दशक, मुलींची कॅथलिक शाळा, ज्यात एक इंग्लिश मुलगा सुरक्षेच्या कारणावरून भरती केलेला आहे. रस्त्यावर ब्रिटिश सैनिक आणि यांना अमेरिकन पद्धतीचा प्रॉम करायचाय, तोही पन्नासच्या दशकाच्या थीमचा, म्हणजे सिनेमातून पाहिलेली उसनी हौस. बादलीचा बेतही आहे त्यात, लेखिका लिसा मॅकगीने नेहमीच्या मालाची चेष्टा करायला घेतलाय. पण मन जातं दोन ठिकाणी. ऑर्ला, जी जरा आपल्याच तंद्रीत असते, ती डेट म्हणून कोणाला घेऊन येते तर स्वतःच्या आजोबांना! आणि कोणी तिला हसत नाही, म्हणजे आपण हसतो, पण आनंदाने, कारण आजोबा सूट घालून इतके खूश आहेत. दुसरीकडे एरिनला ज्या मुलाची वाट आहे तो येतच नाही, आणि तो इंग्लिश जेम्स, ज्याला त्या दिवशी 'डॉक्टर हू'च्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचं होतं, ते सोडून तिच्या दारात उभा राहतो. डेट कोण असू शकतो याचं उत्तर तिथे इतकं मोकळं आहे की मुकुटाची आठवणही होत नाही.

'नेव्हर हॅव आय एव्हर' मात्र मला अर्धीमुर्धी पटली. देवी विश्वकुमार, कॅलिफोर्नियातली तमिळ घरातली मुलगी, आपल्याकडच्या पोरींनी तिला डोक्यावर घेतलं ते समजण्यासारखं आहे, अशी रागीट, चुकणारी, आईशी भांडणारी देशी मुलगी तिथल्या कॉमेडीच्या मधोमध आधी कुठे होती? २०२१ च्या दुसऱ्या सीझनमध्ये ती दोन मुलांना एकदम फिरवायचा घाट घालते, म्हणजे जे इतकी वर्षं गोरे हिरो करत आले ते ती करते, आणि पकडली जाते, फजिती अस्सल. सीझनच्या शेवटी विंटर डान्स. पॅक्स्टनला ती हवीये पण चारचौघांत नको, लपूनछपून. ती नाही म्हणते. इथवर उत्तम, कारण हॉलच्या दाराचाच प्रश्न आहे हा, कोणाचा हात धरून आत यायची लाज वाटते. पण मग तो येतो, हात धरतो, सगळे वळून बघतात, संगीत, आणि दुसरा मुलगा बेन कडेला उभा राहून जळतो. झालं, परत त्रिकोण. देवीचा विजय म्हणजे शाळेतला सगळ्यात देखणा मुलगा. असो, मीही त्या वेळी टाळी वाजवली होती, नाही असं नाही.

माझी भाची न्यू जर्सीत वाढलीय. गेल्या वर्षी तिचा प्रॉम होता तर बहिणीकडे आधी महिनाभर रणधुमाळी, ड्रेसचा गळा, रात्री परत कधी, आणि जिजाजींचा मुख्य मुद्दा असा की 'डेट' या शब्दाचा नक्की अर्थ काय. मी इकडून व्हिडिओ कॉलवर मध्यस्थी करत होते. डेट कोणी नव्हताच, आठ जणांचा ग्रुप जाणार होता, मुली जास्त मुलगे कमी. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, माझ्या डोक्यात सगळे एपिसोड, की काय गं, क्वीन कोण झाली, कोणाचं कोणाशी वाजलं? तिला आठवावं लागलं. म्हणाली, मावशी, कोणीतरी झाली ना, आम्ही तेव्हा बाहेर बर्फ शोधत होतो.

बर्फ कशाला, तर पायाला. तासाभरात सगळ्यांच्या टाचा सोलवटल्या होत्या, मग कोणीतरी पहिल्यांदा सँडल काढून भिंतीशी भिरकावल्या, मग सगळ्याच मुलींनी, आणि उरलेला वेळ अख्खा हॉल अनवाणी नाचला. तिने फोटो पाठवला होता. मुलं कोणीच नाहीत त्यात, नुसता भिंतीशी पडलेला उंच टाचांच्या सँडलांचा ढीग, चंदेरी, काळ्या, सोनेरी, चाळीस-पन्नास तरी असतील, बहुतेक एकाच सेलमधून घेतल्यासारख्या. निघताना त्यातून आपली जोडी शोधायला तिला अर्धा तास लागला, आणि घरी येऊन बघते तर डावी तिची आणि उजवी भलत्याच कोणाची, अर्ध्या नंबराने मोठी. ती उजवी अजून बहिणीच्या घरी जिन्याखाली पडलीय, न्यायला कोणी आलेलं नाही.